चौदावी रेघ

ऑक्टोबर अर्धा सरला की एमायोगीचं पाणी
गाळलेल्या कोऱ्या चहासारखं
काळसर आणि नितळ होत जातं.
शेवाळ कुजून तळाशी बसतं,
बारक्या माशांना लपायला जागा उरत नाही,
आणि मोठे पट्टेवाले पर्च
बुडालेल्या आल्डरच्या बुंध्याशी येऊन उभे राहतात,
उधारी वसूल करायला आल्यासारखे.

हे मी पिरेतला सांगितलं.
ती म्हणाली, "माहीत आहे."
नऊ वर्षांची. शेजारच्या लैनेची नात.
आई फिनलंडात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला.
गांडुळांचा डबा पिरेत कोटाच्या आतल्या खिशात ठेवते,
त्यांना थंडी वाजू नये म्हणून.
मग एकेकाला गळावर ओवते, हात न थरथरता.

मी एकतीस वर्षं माशांची वयं मोजली.
सरकारी प्रयोगशाळा, खिडकीकडे पाठ,
टेबलावर पाकिटं, पाकिटांत हाडं.
कल्ल्यावर हाडाचं एक चपटं झाकण असतं.
उकळत्या पाण्यात सोडायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं,
दिव्यासमोर धरायचं:
उन्हाळा रुंद, दुधी.
हिवाळा काचेसारखी बारीक रेघ.
हजारो मोजले.
जिवंत पाहिलेले मात्र बोटांवर मोजण्याइतके.

दुपार कलली. बर्चची पानं
सुट्ट्या नाण्यांसारखी वाहत आली,
बुचाला अडली, वळली, गेली.
पलीकडच्या काठावर कुणीतरी होडी उलटी करून
तिचं पोट खरवडत होतं.

बूच बुडालं नाही. सरकलं,
अंधारात कुणी पायानं चप्पल चाचपावी तसं.
मग गेलं.

पर्च पाइकसारखा पळत नाही. डोकं झटकतो.
नाही, नाही, नाही,
असं दोरीतून मनगटापर्यंत येत राहतं.
तुम्ही काही विचारलेलंही नसतं.

जाळीत आली तेव्हा पाठीवरचा काटेरी पर ताठ,
पोटाखालचे पर शेंदरी,
हिरवट सोनेरी अंगावर सात काळे पट्टे.
पिरेतनं मोजले, दोनदा.
काढताना एक काटा माझ्या अंगठ्यात शिरला.

"मादी आहे," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या बहुतेक माद्याच असतात."
"किती वर्षांची?"
"मारल्याशिवाय नाही सांगता येत."

हे वाक्य मी शेकडो वेळा बोललोय,
फोनवर, सभेत, शिकाऊ पोरांपुढे.
पण ऐकणारीचं तोंड
ओल्या जाळीत उघडत-मिटत असताना
कधीच नाही.

खरं सांगतो, सोडून द्यावी असं वाटत होतं.
पिरेतनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या धुराड्याकडे.
"आजीनं बटाटे चढवलेत."
दांडका तिनंच माझ्या हातात दिला.

लोणी, शेपू, राईचा काळा पाव.
जेवताना कुणी फार बोललं नाही.
काटे होते.

मग दिव्यापाशी पिरेत म्हणाली, "चौदा."
मी चष्मा पुसून मोजले. तेरा.
तिनं सुईच्या टोकानं दाखवलं,
"ही सोडलीत तुम्ही."
सहावीच्या अंगाला अंग लावून सातवी,
मध्ये दुधी असं जवळपास काहीच नाही.
एक अख्खा उन्हाळा, ज्यात ती वाढलीच नव्हती.

मी मागं मोजत गेलो.
तो उन्हाळा मला ठाऊक आहे.
पाणी इतकं आटलं होतं
की धक्क्याचे खांब बुडापर्यंत दिसायचे,
आणि टार्टूच्या त्या खोलीत
ताटावरचं झाकण न काढताच
ताट परत जायचं.

"चौदा," मी म्हटलं. "चौदाच लिही."

तिनं पाकिटावर तारीख लिहिली,
वजन एक किलो सहाशे, मादी, चौदा.
नदीचं नाव लिहिताना कागद संपला,
नुसतं 'एमा' एवढंच मावलं. म्हणजे आई.
तिनं ते तसंच ठेवलं, फुंकर मारून शाई वाळवली.

माझा अंगठा पुढे चार दिवस ठणकत होता.